ओळख कोणाची?



आपल्या शहापूर-मुरबाडकडे मंत्रालयात काम निघाले की पहिला प्रश्न येतो, “वर कोणाची ओळख आहे का?” तानसा तलाव १८९२ साली बांधून झाला, पुढे भातसा धरण आले. दोन्हींचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. मुरबाडमध्येही तेच. मग टँकरसाठी, रस्त्यासाठी, गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी लोक एखाद्या माजी आमदाराच्या ओटीवर जाऊन बसतात. तो फोन लावतो. कधी आसनगावहून पहाटेची लोकल पकडून स्वतः सोबत येतो. त्याचे उपकार आपण विसरत नाही, विसरूही नयेत.

पण समजा, तोच गृहस्थ पुढच्या आठवड्यात एखाद्या कंत्राटदाराची फाईल घेऊन, ठरलेली रक्कम घेऊन त्याच दारात उभा राहिला, तर? दार तेच, साहेब तेच, नमस्कारही तोच. मग आपल्याला खटकते ते काय?

या व्यवसायाला ‘लॉबिंग’ म्हणतात. अमेरिकेत त्याची नोंद करावी लागते आणि २००७ च्या कायद्यानुसार सिनेटरला पद सोडल्यावर दोन वर्षे आपल्या जुन्या सभागृहात असे काम करता येत नाही. आपल्याकडे बड्या सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. माजी आमदाराला मात्र असा अटकाव नाही.

अर्थात नियम असले म्हणजे भागते असेही नाही. इंग्लंडचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन २०१६ मध्ये पायउतार झाले आणि २०१८ मध्ये ग्रीनसिल या वित्तकंपनीचे सल्लागार बनले. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, कंपनीला सरकारी योजनेत शिरकाव मिळावा म्हणून त्यांनी मंत्र्यांना मोबाईलवर संदेश पाठवले. पुढच्या वर्षी कंपनी बुडाली. संसदेच्या समितीने म्हटले, नियम मोडला नाही, पण तारतम्य सुटले.

सरकारकडे बाजू मांडणे हे पाप नव्हे. मुरबाडच्या काळू धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीविना सुरू झाले, तेव्हा श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. तिथे कोण कोणाच्या वतीने बोलतो हे अर्जावरच लिहिलेले होते. निवृत्त डॉक्टरने दवाखाना थाटला तर विद्या त्याची स्वतःची असते. माजी आमदाराचा अनुभवही त्याचाच, तो त्याने खुशाल शिकवावा. पण सचिवाचे दार त्याच्यासाठी उघडते ते हजारो लोकांनी एकदा त्याच्या नावापुढे शिक्का मारला म्हणून. ती ओळख त्यांनी दिलेली उसनवार आहे. ती त्यांनाच न सांगता, प्रसंगी त्यांच्याच जमिनीविरुद्ध, विकायची कशी?

लूकच्या शुभवर्तमानातला कारभारी आठवा. नोकरी जाणार हे कळताच त्याने धन्याच्या कुळांना बोलावले आणि शंभर मण तेलाचे पन्नास लिहून घेतले. उद्या आपल्याला कोणी घरात घ्यावे म्हणून! धन्याने त्याच्या हुशारीचे कौतुक केले खरे, पण सूट दिली गेली ती धन्याच्याच खिशातून. आपल्या गोष्टीत धनी कोण, हे वेगळे सांगायला नको.

आणि आपण? मुलाच्या प्रवेशासाठी, बदलीसाठी “साहेब, एक शब्द टाका” असे आपणही म्हणतोच. रांगेत पुढे असलेल्याचे काय झाले हे विचारत नाही. ओळखीला भाव आला तो अशा आपल्या खेपांमुळेही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज २००५ पासून दहा रुपयांत करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. फाईल कुठे अडली एवढे तरी त्यातून कळते. येत्या रविवारी मिस्सानंतर अर्ज लिहायला कोणाला मदत हवी असेल, तर आम्ही सभागृहात बसणार आहोत. येताना जुनी पोच घेऊन यावी.