वेताळाचा मुखवटा आणि चाहत्याचे मौन

महानायक एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेला की त्याचा चाहता प्रथम निष्ठेचा प्रश्न विचारतो: हा तोच आहे काय? ली फॉक यांनी १९३६ मध्ये वृत्तपत्रीय चित्रमालिकेतून निर्माण केलेल्या 'फँटम'विषयी हा प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून हा नायक भारतीय वाचकांपर्यंत पोचला आणि मराठीत 'वेताळ' झाला. या निष्ठेच्या प्रश्नाआड दडलेला नैतिक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

चित्रकथेत वेताळाच्या मुखवट्यामागील डोळे कोरे असतात. त्यांत बुबुळे नसतात. १९४३ च्या चित्रपटमालिकेत आणि बिली झेन यांची भूमिका असलेल्या १९९६ च्या चित्रपटात मात्र नटाचे डोळे दिसतात. चाहत्याला हे खटकते. ही तक्रार वरवरची मानता येणार नाही. वेताळ ही व्यक्ती नसून ते एक पद आहे. १५३६ पासून पित्याकडून पुत्राकडे आलेल्या या पदावरील नायक एकविसावा आहे. रानातील लोक मात्र त्याला एकच अमर पुरुष समजतात. कोऱ्या डोळ्यांत हे पद दिसते, तर नटाच्या डोळ्यांत त्या पदावर बसलेला मर्त्य माणूस. म्हणजे चाहता ज्याला विकृती म्हणतो, तोच एका अर्थाने सत्याचा उद्घाटनक्षण ठरतो.

येथेच वाचकाची नैतिक अडचण सुरू होते. हे गुपित बांदार जमातीला ठाऊक आहे आणि वाचकालाही. उरलेले रान अज्ञानात ठेवूनच तेथील शांतता टिकते. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये राज्याच्या हितासाठी जे उदात्त असत्य क्षम्य मानले, त्याचेच हे रंगीत रूप होय. चित्रकथेचा आनंद या कटात सामील होण्याचा आनंद आहे, आणि फसवले जाणारे लोक नेहमी दुसरेच कोणी असतात.

ते 'दुसरे' कोण, हे वाचनाच्या स्थळावरून ठरते. शहापूर तालुक्यातील तानसाच्या रानात वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी राहतात. १८९२ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणाचे पाणी मात्र मुंबईला जाते. मुंबईत चित्रकथा वाचणारा वाचक सहजच स्वतःला कवटीगुहेत, नायकाच्या शेजारी बसवतो. तीच चित्रकथा तानसाकाठी वाचणाऱ्याला कोठे बसावे, हा प्रश्न पडेल. रानाच्या भल्याचे निर्णय रानाला न विचारता होतात, ही गोष्ट त्याला काल्पनिक वाटण्याचे कारण नाही. रानाच्या रक्षणात तेथील लोकांचाही अधिकार आहे, हे कायद्याने मान्य करण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

वारल्यांचा वाघोबाही रानाचा धनीच. पण त्याचे रूप शिळेवर वा लाकडावर उघड कोरलेले असते, आणि त्याच्याशी असलेला व्यवहारही उघड: मान द्यायचा, अभय मागायचे. त्याच्या सत्तेला कोणाच्या अज्ञानाची गरज लागत नाही. कॉमिक्समधील वेताळाची सत्ता मात्र अज्ञानावाचून एक दिवसही टिकणार नाही. भय दोन्हीकडे आहे. कपट एकीकडेच आहे.

मराठी अवतारात स्वीकारलेले 'वेताळ' हे नाव म्हणूनच मुळापेक्षा अधिक अर्थ वाहते. कॉमिक्समधील वेताळ ठोशाने उत्तर देतो. 'वेताळपंचविशी'तील वेताळ प्रश्न विचारतो. त्याची अट प्रसिद्ध आहे: उत्तर ठाऊक असूनही विक्रम गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. चाहत्यापुढील पेच नेमका हाच आहे. ज्याला तो आदर्श मानतो, त्याचा आदर्श असत्यावर उभा आहे, हे त्याला पहिल्या वाचनापासून ठाऊक असते. गप्प राहणे ही बुद्धीची हानी, आणि बोलणे म्हणजे नायक खांद्यावरून निसटू देणे.

पण उत्तर ठाऊक असते तेव्हा विक्रम प्रत्येक वेळी बोलतो, आणि प्रत्येक वेळी पुन्हा त्या झाडाकडे जातो. समीक्षा आणि प्रेम यांत विरोध असतो, असे मानणाऱ्यांनी ही दुसरी गोष्ट विसरू नये. नायक निसटल्यावरही त्याच्याकडे परत जाणारा, आणि परतल्यावर पुन्हा खरे बोलणारा, तोच चाहता होय. उरतात ते केवळ भक्त.