कर्त्याची सही

फळाची आशा सोडून काम करायचं, तर त्या कामावर नाव तरी कशाला हवं? आमच्या घरी ज्ञानेश्वरीचं पारायण असे, तेव्हा हा प्रश्न कुणीतरी हमखास काढायचं. उत्तरही ठरलेलं असायचं: नाव आलं की अहंकार आलाच. मला ते कधी पुरतं पटलं नाही. आता मी पुण्यात बसून लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरवर काम करते, दुरुस्त्या ईमेलने पाठवते, आणि याच कामामुळे त्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं आहे.

कर्नलमधला बदल आजही बहुतेक ईमेलनेच जातो. बदल गिट या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात कमिट करायचा आणि ‘गिट फॉरमॅट-पॅच’ ही आज्ञा द्यायची, की साध्या मजकुराची एक फाइल, म्हणजे पॅच, तयार होते. पहिल्या ओळीत हॅश आणि एक तारीख: सोमवार, 17 सप्टेंबर 2001. पॅच कधीचाही असो, ही तारीख बदलत नाही. फाइल कोणत्या साधनाने केली एवढं ओळखण्यापुरतीच ती खूण आहे. खरी तारीख तिच्या खाली, लेखकाच्या नावाशेजारी असते. मग विषय, बदलाचं कारण, सही आणि तीन छोट्या आडव्या रेघा. या रेघांखाली, प्रत्यक्ष बदलाच्या आधी जे लिहावं ते तपासणाऱ्याला दिसतं, पण गिटच्या इतिहासात जात नाही. दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं, हे तिथे लिहायचं. काय टिकावं आणि काय गळून जावं याचा इतका स्वच्छ विवेक मी दुसऱ्या कुठल्या कामात पाहिलेला नाही.

एका ड्रायव्हरचं उदाहरण देते. सुरू होताना मध्येच अडचण आली, तर चालू केलेलं क्लॉक बंद न करताच तो बाहेर पडायचा. मी अडचण आल्यावरच्या वाटेवर क्लॉक बंद करणाऱ्या काही ओळी घालून पॅच पाठवला. एका जाणत्या तपासनिसाने सुचवलं की क्लॉक मिळवणं, चालू करणं आणि शेवटी बंद करणं हे सगळं सांभाळणारं तयार फंक्शन आहे, तेच वापर. दुसऱ्या आवृत्तीत माझ्या नव्या ओळी गेल्याच, जुन्याही काही गेल्या. तिसऱ्याच कुणीतरी आपल्या बोर्डावर तो पॅच चालवून पाहिला. त्या भागाची जबाबदारी सांभाळणाऱ्या मेंटेनरने ‘गिट ए-एम’ने तो घेतला, तेव्हा लेखक म्हणून माझं नाव राहिलं आणि कमिटर म्हणून त्याचं लागलं.

मग हे काम कुणाचं? कर्नलची पद्धत याचं उत्तर कमिटच्या तळाशी ओळीने लिहून ठेवते: चूक कुणी कळवली, उपाय कुणी सुचवला, कुणी तपासलं, कुणी चालवून पाहिलं, मूळ चूक कोणत्या कमिटमधून आली. या ओळी वाचताना मला गीतेचा अठरावा अध्याय आठवतो. तिथे कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही लगेच पुढे म्हटलं आहे. पण कर्त्याला त्या पाचांतून वगळलेलं नाही. पाचांतला एक म्हणून त्याने उभं राहायचंच आहे.

सहीची ओळ आली ती याच कारणाने. मार्च 2003 मध्ये एससीओ ग्रुपने आयबीएमवर खटला भरला आणि युनिक्सचा कोड लिनक्समध्ये शिरल्याचा वाद उभा राहिला. कोणती ओळ कुठून आली हे दाखवता यायला हवं, म्हणून 2004 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची प्रथा आणली. गिटचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, एप्रिल 2005 चा. म्हणजे ही सही श्रेयासाठी आलेली नाही. उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यायला मी आहे, एवढंच ती सांगते. 2023 मध्ये कर्नलने खऱ्या नावाची अट बदलून ‘ओळखीचं नाव’ अशी केली. निनावी पॅच मात्र अजूनही चालत नाही. मला हा बदल फार योग्य वाटतो. जन्मदाखल्यावर काय लिहिलंय याच्याशी कर्नलला देणंघेणं नाही, हाक मारली की ओ देणारं माणूस हवं.

आणखी एक नियम मला मोलाचा वाटतो. मेंटेनरने दुसऱ्याच्या पॅचमध्ये हात घातला, तर काय बदललं ते चौकटी कंसात लिहून त्याखाली स्वतःची सही करायची. मूळ लेखकाच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. आपल्याकडे एकनाथांनी हेच केलं. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठभेदांनी तो बिघडला, हे कारण त्यांनी शेवटी नोंदवलं. शक, संवत्सर आणि आपलं नावही घातलं. ज्ञानेश्वरीत आपली ओवी मिसळणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, असंही बजावलं. नाथांच्या त्या नावाला अहंकार म्हणायची माझी तरी छाती नाही. नाव घातलं नसतं, तर कोणता हात कुठवर फिरला हे आपल्याला कळलंच नसतं. अहंकार असता तर ओव्या वाढल्या असत्या.

काही लोक बायोडेटासाठी कमिट मोजतात, काही कंपन्याही मोजतात. ती फळाची आशा झाली आणि तिने सहीचं मोल कमी होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. टायपो सुधारणारा पॅच वाईट नाही. मोजणीत भर पडावी म्हणून तो पाठवणं वाईट. तपासनिसाचा वेळ त्यात जातो.

पहिला पॅच पाठवणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. सहीची ओळ गिट आपोआप घालून देतं, म्हणून ती न वाचता जाऊ देऊ नका. तिच्यामागे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आहे. त्यात चारच कलमं आहेत, आणि शेवटचं सांगतं की तुमचं योगदान आणि त्यासोबतची तुमची माहिती कायमची सार्वजनिक राहील. आधी ती चार कलमं वाचा, मग सही करा.