सुटे भाग बदलले, यंत्र तेच राहिले का?

जनरल इलेक्ट्रिकची ‘स्पीडट्रॉनिक मार्क फाइव्ह’ ही गॅस टर्बाइनची नियंत्रणप्रणाली १९९०च्या दशकात अनेक देशांतील वीजकेंद्रांत बसवली गेली. टर्बाइनचे कवच आणि रोटर नीट देखभाल केली तर कित्येक दशके चालतात. त्यांच्यावर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डे मात्र आधी म्हातारी होतात. रिलेच्या संपर्कबिंदूंवर ऑक्साइडचा थर धरतो, ठिणग्यांनी खड्डे पडतात, कपॅसिटरमधला द्रव सुकतो, तापण्या-निवण्याने सोल्डरचे सांधे तडकतात. निर्मात्याने ते कार्ड बनवणे थांबवले असेल, तर कुठल्या तरी स्टोअरमध्ये पडून राहिलेला न वापरलेला नग शोधावा लागतो, बिघडलेलेच कार्ड दुरुस्त करून घ्यावे लागते किंवा मोडीत काढलेल्या टर्बाइनचे सोडवलेले कार्ड विकत घ्यावे लागते. यांपैकी काहीही केले तरी पॅनेलवरचे नाव आणि नोंदवहीतला यंत्राचा क्रमांक बदलत नाही. दहा-पंधरा वर्षांत निम्मी कार्डे बदलली, तरी ते यंत्र तेच म्हणायचे का, आणि म्हणायचे तर कशाच्या आधारावर?

प्रश्न जुनाच आहे. अथेन्सकर थिसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेले, तेव्हा ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांचे एकमत होत नसे, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये या कोड्याला आणखी एक गाठ मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते? पुस्तकात हा कल्पनाविलास वाटतो. जुन्या कार्डांच्या बाजारात मात्र तो रोजचा व्यवहार आहे. एका केंद्रातून काढलेले रिले कार्ड साफ होते, त्यावरचे रिले बदलले जातात आणि ते दुसऱ्या देशातल्या टर्बाइनला ‘मूळ भाग’ म्हणून बसते.

न्याय-वैशेषिकांचे उत्तर कठोर आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे सगळी वस्तू, ही अवयवांच्या बेरजेहून वेगळी आणि खरी असते. पण एक अवयव निघाला की तो अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांतून नवा उत्पन्न होतो. ‘हे तेच’ ही ओळख अशा वेळी केवळ सारखेपणातून येते. म्हणजे कार्ड बदललेल्या प्रत्येक शटडाउननंतर चालू होणारे टर्बाइन नवेच! बौद्धांना ही अडचण येत नाही, कारण त्यांना अवयवीच मान्य नाही. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन मिलिंद राजाला रथाचा एकेक भाग दाखवत विचारतो की यातला रथ कोणता, शेवटी ‘रथ’ हे व्यवहारासाठी ठेवलेले नाव ठरते. उरते ती कारण-कार्याची अखंड साखळी. यंत्रशाळेतला व्यवहार या दुसऱ्या मताच्या अधिक जवळ जातो, हे मान्य करायला हवे.

मात्र रिलेच्या बाबतीत खरी अडचण ओळखीपेक्षा सामर्थ्याची आहे. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने खऱ्या वस्तूची कसोटी सांगितली ती अर्थक्रिया, म्हणजे काम करून दाखवण्याची क्षमता. मार्क फाइव्हच्या संरक्षण विभागातल्या ट्रिप रिलेंना ही कसोटी लावून पाहावी. टर्बाइनचा वेग मिनिटाला ३००० फेऱ्यांवरून ३३०० कडे गेला, तर इंधन तोडण्याचे काम त्यांचे. चुकीची ट्रिप टळावी आणि खरी ट्रिप हुकू नये म्हणून तीनपैकी दोघांचे मत ग्राह्य धरण्याची रचना असते. सगळे सुरळीत असेल तर प्रत्यक्ष धोक्यात हे रिले वर्षानुवर्षे एकदाही कामाला येत नाहीत. चांगला रिले आणि अडकलेला रिले बाहेरून सारखेच दिसतात.

या ठिकाणी मीमांसकांचा एक वाद उपयोगी पडतो. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी किंवा मंत्र जवळ असेल तर जाळत नाही, आणि अग्नी दिसतो मात्र तसाच. म्हणून दृश्य रूपाहून निराळी ‘शक्ती’ मानली पाहिजे, असे मीमांसक म्हणतात. नैयायिकांचे उत्तर असे, की वेगळी शक्ती मानण्याची गरज नाही; प्रतिबंधक नसणे हाही कारणसामग्रीचा भाग आहे, एवढे म्हटले की पुरे. संपर्कबिंदूवरचा ऑक्साइड हा अगदी नैयायिकांचा प्रतिबंधक आहे: रिलेतून काही निघून गेलेले नसते, मध्ये काहीतरी आलेले असते. इथे नैयायिकांचेच म्हणणे उजवे ठरते. शक्ती शोधता येत नाही, प्रतिबंधक शोधता येतो आणि काढताही येतो. त्यासाठी रिलेला मुद्दाम चालवून पाहावे लागते. नव्या-जुन्या कार्डाची निवड चकाकी, खोके किंवा किंमत पाहून करणाऱ्याला या वादातले काहीच कळलेले नाही.

धर्मपरंपरेने ओळखीचा मूळ प्रश्न विधीने सोडवला. पुरीच्या जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती नवकलेवराच्या वेळी बदलतात. अलीकडे १९९६ आणि २०१५ मध्ये बदलल्या. जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत ठेवला जातो आणि जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरल्या जातात. मार्क फाइव्हची काही कार्डे बदलतानाही जुन्या कार्डावरची प्रोग्राम असलेली चिप काढून नव्यावर बसवावी लागते, जंपर, म्हणजे कार्डावरचे छोटे जोड, जुन्याप्रमाणे लावावे लागतात. साम्य इथवरच. मंदिरात जुने कलेवर पुन्हा वापरात येत नाही, म्हणून तिथे हॉब्जचे दुसरे जहाज उभेच राहत नाही. कारखान्यात काढलेले कार्ड भंगारातून पुन्हा बाजारात येते आणि त्याचा इतिहास वाटेत गळतो.

तेव्हा ‘तेच यंत्र’ हे द्रव्यावरून ठरत नाही आणि नुसत्या नावावरूनही नाही. ते ठरते कार्डाच्या क्रमांकाअखेरच्या आवृत्तीदर्शक अक्षरांची पडताळणी, जंपरची नोंद, चाचणीचा निकाल आणि त्याखाली सही करणारा माणूस यांवरून. नागसेनाच्या साखळीत उत्तरदायित्वाची ही कडी धरली, तर टर्बाइनचा जुना क्रमांक पुढे चालवायला हरकत नाही. ज्या कार्डामागे ही कागदपत्रे नाहीत, ते मूळ निर्मात्याचे असले तरी ट्रिप परिपथात बसवू नये.