सात महिन्यांची ऑर्डर

(मत्तय २०:१-१६)



आजच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायला आला तरी पुन्हा चौकात जातो. तिथे उभी असलेली माणसे आळशी नाहीत. त्यांना कोणी कामावर घेतलेलेच नाही. धनी त्यांनाही बोलावतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. कारण त्यांच्याही घरी चूल पेटायची असते.

आपल्या विदर्भातली मुले आयटीआय करून पिंपरी-चाकणच्या मोटार कारखान्यांकडे जातात. अनेकांच्या हाती पडते ती सात महिन्यांची ऑर्डर. सातच का? महाराष्ट्रातील स्थायी आदेशांत, १२ महिन्यांत २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. त्याआधीच 'ब्रेक' दिला, की दिवस भरतच नसत. हक्क डावलण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षे टेम्पररी ठेवणे, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतके वेतन आणि वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देऊ केली. पण मुदत संपल्यावर पुढे काय? ज्याला पुढचा महिना दिसत नाही, तो लग्न कसे ठरवणार, घर कसे बांधणार?

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी माणसाचे मोल कामाच्या वर असल्याचे शिकवले.

दाखल्यात कुरकुर कोण करतो, हे पाहा. धनी नव्हे, तर सकाळपासून कामावर असलेले मजूर! शेजारच्याला आपल्याइतके मिळाले, हेच त्यांना खुपते. आपल्यापैकी जे परमनंट आहेत, त्यांनी विचार करावा: एकाच लाइनवर तेच नट आवळणाऱ्या टेम्पररी भावासाठी आपण युनियनमध्ये कधी तोंड उघडले का? आपल्या घरची मोलकरीण, शेतावरचा गडी, आपल्या संस्थांतले शिपाई आणि शिक्षक यांना आपण किती वर्षे 'तात्पुरते' ठेवले आहे?

आणि तरुणांनो, नेमणूकपत्र, पगारपत्रक, पीएफ क्रमांक जपून ठेवा. हक्क मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

सुतारकाम करून घर चालवणारे संत योसेफ आपल्या मुलांसाठी प्रार्थना करोत. आणि चौकात उभ्या असलेल्यांकडे पुन्हा पुन्हा जाणारे मन प्रभू आपल्याला देवो. आमेन.