न कळलेला आवाज कोणाचा?

सायंप्रार्थनेची वेळ आहे. देवळांत दिवा लागला आहे, मंडळी सतरंजीवर बसली आहे, आणि नुकत्याच प्रभूंत निजलेल्या एका तरुणाच्या घरच्यांस सांत्वन मिळावें म्हणून प्रचारक ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून प्रार्थना करीत आहेत. ते त्या तरुणाचें नांव उच्चारतात, तोंच कर्ण्यांतून 'टिक् टिक् टिक् टर्रर्र' असा विलक्षण आवाज उठतो, क्षणभर घुमतो आणि थांबतो. मंडळी दचकते. पुढें बसलेली त्या तरुणाची आई डोळे पुसून म्हणते, "माझा लेक बोलला." दुसऱ्या दिवशीं ही वार्ता साऱ्या गांवांत पसरते, आणि जे कधीं देवळाची पायरी चढले नव्हते तेही पुढल्या प्रार्थनेस येऊन बसतात. प्रचारकांस मात्र एक गोष्ट ठाऊक असते. आवाज झाला त्याच वेळीं त्यांच्या सदऱ्याच्या खिशांतील मोबाइलवर कोणाचा तरी फोन आला होता. घंटी बंद ठेविली असल्यामुळें तें दुसऱ्या कोणास कळलें नाहीं.

हा प्रसंग आम्हीं दृष्टांतादाखल मांडिला आहे. परंतु असें कोणत्याही खेडेगांवच्या मंडळींत घडण्याजोगें आहे. तेव्हां प्रश्न असा कीं, त्या प्रचारकांनीं काय करावें? मौन धरिलें तर एका दुःखी मातेचा आधार टिकतो आणि देऊळ भरतें. खरें सांगितलें तर आधार मोडतो व देऊळ पुन्हां रिकामें होतें. चांगल्या कार्यास साह्य करणारी खोटी समजूत तशीच राहूं देणें ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय?

प्रथम त्या आवाजाचा उगम पाहूं. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे टू-जी जाळ्यावर चालणारा मोबाइल मनोऱ्याशीं सलग बोलत नाहीं. एका विहिरीवर आठ बायांनीं पाळीपाळीनें घागर सोडावी, त्याप्रमाणें आठ फोन एकाच लहरीवर पाळी लावून बोलतात. एकेक पाळी सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं सुमारें ५७७ भाग एवढीच असते, आणि एकाच फोनची पाळी सेकंदांत सुमारें २१७ वेळां येते. कर्ण्याच्या तारा ती लहर झेलतात, आणि ध्वनिवर्धकाच्या आंतील सूक्ष्म भाग तिचे विजेचे ठोके बनवितात. मूळ लहर सेकंदास कोट्यवधि वेळां कंप पावते, म्हणून ती कानास कळत नाहीं. परंतु तिच्या चालूबंद होण्याचा ताल कानाच्या टप्प्यांत येतो. तीच ती टर्रर्र. घंटी वाजण्यापूर्वीं मनोरा फोनास हांक देतो व फोन त्यास उत्तर देतो, म्हणून हा आवाज पुष्कळदां घंटीच्या आधींच येतो, आणि अजाण मनुष्यास तो भविष्य जाणणारा वाटतो. फोन चार हात दूर नेला कीं आवाज क्षीण होतो. बंद केला कीं मुळींच होत नाहीं. पुढल्या पिढ्यांच्या जाळ्यांवरील फोन बहुधा असा ताल धरून बोलत नाहींत, म्हणून हा आवाज पूर्वीपेक्षां कमी ऐकूं येऊं लागला आहे. कर्ण्याची अखंड गुणगुण बहुधा आपल्या घरांत येणाऱ्या, सेकंदास ५० आवर्तनें घेणाऱ्या विजेची असते. आणि पावसाळ्यांत रेडिओवर होणारी कडकड दूरच्या मेघांतील विजेची असते.

मनुष्याच्या कानाची मात्र एक जुनी खोड आहे. अर्थ नसलेल्या आवाजांतही तो शब्द शोधतो, आणि ज्याची आठवण मनांत दाटलेली असेल त्याचाच स्वर त्यास ऐकूं येतो. स्वीडन देशांत १९५९ सालीं फ्रीड्रिख युर्गेन्सन ह्या गृहस्थानें पक्ष्यांचीं गाणीं ध्वनिफितीवर मुद्रित केलीं, आणि पुढें त्या फितींत आपणांस मृतांचे आवाज ऐकूं येतात असें तो सांगूं लागला. त्याच्या मागून कॉन्स्टान्टिन राउदिव्ह यानें असे हजारों आवाज जमविले आणि १९६८ सालीं त्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हे लोक लबाड होते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु भरकटलेल्या रेडिओलहरी व फितीची खरखर यांतून मन काय काय घडवितें, याचा विचार त्यांनीं पुरता केला नाहीं.

याच्या उलट वागणारेही होऊन गेले. पहिल्या महायुद्धांत जर्मनीचा हाइन्रिख बार्कहाउझेन शत्रूचे दूरध्वनि चोरून ऐकण्याच्या यंत्रावर बसला असतां, त्यास वरच्या स्वरापासून खालीं उतरत जाणारी शीळ ऐकूं येई. त्यानें ती भुताची म्हटली नाहीं, आणि भास म्हणून टाकूनही दिली नाहीं. १९१९ सालीं त्यानें ती नोंदवून प्रसिद्ध केली. उत्तर १९५३ सालीं स्टोरी नांवाच्या संशोधकानें दिलें. ती शीळ आकाशांतील विजेची होती. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून अंतराळांतून प्रवास करून ती पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धांत पोंचते. चौतीस वर्षें तो प्रश्न उघडा राहिला, आणि तसा तो राहूं दिला यांत कोणाचेंही नुकसान झालें नाहीं.

अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतीं होल्मडेल येथें १९६४ सालीं पेन्झियस व विल्सन यांस शिंगाच्या आकाराच्या मोठ्या ग्राहकयंत्रांत एक बारीक खरखर ऐकूं आली. ती रात्रंदिवस होई, सर्व ऋतूंत होई, आणि यंत्र कोणत्याही दिशेस वळविलें तरी सारखीच होई. यंत्रांत पारव्यांनीं घरटें केलें होतें. त्यांनीं पारवे हाकलले व विष्ठा धुऊन काढिली, तरी खरखर गेली नाहीं. शेवटीं १९६५ सालीं उमगलें कीं विश्वाच्या आरंभकाळची मंदावलेली ऊब सर्व आकाश भरून आहे, तिचाच तो आवाज. १९७८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील दुर्बिणीवर मात्र उलट घडलें. तेथें कित्येक वर्षें दिसणारे कांहीं चमत्कारिक संकेत तेथल्याच खाद्य तापविण्याच्या मायक्रोवेव्ह पेटीचे होते. पेटी चालू असतांच तिचें दार उघडलें कीं ते उमटत. २०१५ सालीं हें त्या संशोधकांनींच सिद्ध केलें आणि स्वतः होऊन जगास सांगितलें. आपल्या पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असलेली जी मोठी रेडिओदुर्बीण आहे, तेथील संशोधकांसही रोज हाच विवेक करावा लागतो: आकाशाचें कोणतें, आणि मनुष्याच्या यंत्रांचें कोणतें.

वाचकहो, ह्या गोष्टी आम्हीं करमणुकीसाठीं सांगितल्या नाहींत. एका ठिकाणीं खरखर विश्वाची निघाली, दुसऱ्या ठिकाणीं स्वयंपाकघराची. आधीं कोणास ठाऊक होतें? म्हणून 'हें सर्व दैवी आहे' असें म्हणणारा जसा उतावळा, तसाच 'यांत कांहींच नाहीं' असें म्हणून हंसणाराही उतावळाच. दोघांनींही पारख केलेली नसते. पवित्र शास्त्रांत बाळ शमुवेल रात्रीं हांक ऐकून तीनदां एलीकडे धांवला. प्रथम त्यानें घरांतल्या माणसासच विचारिलें, आणि त्यामुळें देवाची हांक त्यास चुकली नाहीं. बिरुयाच्या लोकांची वाखाणणी झाली ती प्रेषितांचेंही बोलणें रोज शास्त्राशीं ताडून पाहिल्याबद्दल. पारख करणें म्हणजे अविश्वास नव्हे.

कोणी म्हणेल, "देव कर्ण्यांतून बोलूं शकत नाहीं काय?" शकतो, यांत शंका नाहीं. परंतु देव एखादी गोष्ट करूं शकतो एवढ्यावरून ती त्यानें केली असें होत नाहीं. होरेबावर एलीयापुढून वारा, भूकंप व अग्नि हीं तिन्ही गेलीं, आणि परमेश्वर त्यांत नव्हता, असें शास्त्रच सांगतें. दुसरा म्हणेल, "कारण कळलें तर देवाची जागा कमी होते." आमचें मत तसें नाहीं. ज्याच्या नियमानें लहर चालते तो देव, आणि मातेच्या काळजांत माया ठेवणारा तोच. आमच्या अज्ञानाच्या फटींत राहणारा देव आम्ही मानीतच नाहीं. तसा मानिला तर शाळेंत जाणारें प्रत्येक मूल त्याची एकेक खोली हिरावून घेईल.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ईयोबाच्या मित्रांनीं देवाची बाजू घेतली, तरी देवासाठीं खोटें बोलतां म्हणून ईयोबानें त्यांस दोष दिला. आणि शेवटीं देवानेंही त्या मित्रांवरच राग केला. यावरून उघड होतें कीं देवास आमच्या असत्याचा टेकू नको आहे. मौन हेंही कित्येकदां असत्यच असतें, विशेषतः ज्यास ठाऊक आहे त्याचें मौन. शिवाय त्याचें फळ पाहा. आज त्या मातेचा आधार एका तारेवर टांगलेला आहे. उद्यां कोणी ती तार दुरुस्त केली, अथवा प्रचारकांनीं नवा फोन घेतला, कीं तिचा लेक तिला पुन्हां एकदां मेल्यासारखा होईल. आणि परवां कोणी भगत येऊन "मी त्यास रोज बोलवितों" म्हणाला, तर तिनें त्यास पैसे कां देऊं नयेत? कर्ण्यांतला आवाज खरा मानावयास आम्हींच तिला शिकविलें ना?

परंतु सत्य सांगण्याचीही रीत असते. भर मंडळींत फोन उंच करून दाखविणें आणि त्या बाईस हास्यास्पद करणें हें सत्य नव्हे, तो अहंकार होय. प्रचारकांनीं तिच्या घरीं जावें, ओट्यावर बसावें, प्रथम तिच्या लेकाविषयीं तिला पोटभर बोलूं द्यावें. मग म्हणावें, "बाई, तो आवाज माझ्या खिशांतल्या फोनचा होता. त्याच दिवशीं सांगावयास हवें होतें, तें मीं सांगितलें नाहीं. मला क्षमा करा." मंडळीसही पुढल्या रविवारीं असेंच साधेपणानें सांगावें, आणि दोष स्वतःकडे घ्यावा. कांहीं लोक यावयाचे थांबतील. ते आवाजासाठीं आले होते. आवाज गेला, तेही गेले. जे राहतील त्यांस एवढें कळेल कीं येथला मनुष्य आपल्या तोट्याचेंही खरें सांगतो. आणि असा मनुष्य रिकाम्या कबरेविषयीं सांगूं लागला, तर त्याचें ऐकून घ्यावें असें त्यांस वाटेल.

आमची आशा कर्ण्यांतल्या आवाजावर बांधलेली नाहीं. ज्यांनीं उठलेल्या प्रभूस पाहिलें, त्याच्यासंगें भाकर खाल्ली व त्या साक्षीसाठीं मारही सोसला, त्यांच्या साक्षीवर ती आहे. त्या मातेला पुत्राचा आवाज ऐकावयाचा आहे तो त्या दिवशीं, जेव्हां प्रभु कबरेंतल्यांस हांक मारील. तोंवर तिच्या ओट्यावर जाऊन बसणारें कोणी असावें, हें मंडळीचें काम आहे. आणि देवळांत शिरतांना फोन दाराशीं बंद करून ठेवावा, म्हणजे निदान एक घोटाळा टळेल.