पोखरणे आणि कोरणे

मालवणच्या शाळकरी मुलांसाठी प्रवाळांवरची एक छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणायचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. मी राहते लखनऊच्या सरोजिनी नगरात. घरावरून अमौसीची विमाने जातात, कानपूर रस्त्यावर रात्रभर ट्रक चालतात, समुद्राचा मागमूस नाही. पारिभाषिक शब्द नडतील असे वाटले होते. प्रत्यक्षात अडले ते एका साध्या क्रियापदापाशी.

स्पंज प्रवाळाला ‘बोअर’ करतो, असे मूळ वाक्य. मी सवयीने ‘पोखरतो’ लिहिले आणि पुढे गेले. दोन दिवसांनी परत आले.

हा स्पंज कल्पनेतला नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संभाजी मोटे, बबन इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांत वाढणाऱ्या एका स्पंजाची नवी जात म्हणून नोंद केली: क्लायोना थॉमासी. या गोत्रातले स्पंज प्रवाळाच्या चुनखडी सांगाड्यात शिरतात. त्यांच्या पेशी थोडा चुना आम्लाने विरघळवतात आणि त्याचे धुळीइतके बारीक कपचे सुटे करून पाण्याच्या झोताबरोबर बाहेर टाकतात. आत दालने तयार होतात, स्पंज त्यांत राहतो. बाहेरून धड दिसणारे प्रवाळ एखाद्या वादळात मोडून पडते.

आता मराठीत पोखरते कोण? वाळवी, घूस, भ्रष्टाचार. या क्रियापदाचा कर्ता कधी निर्दोष नसतो. शेजारीच ‘कोरणे’ आहे. कृती जवळपास तीच, दगड आतून काढून पोकळी करायची. पण वेरूळ कोणी पोखरले असे आपण म्हणत नाही. आणि अशा लेखनात सर्रास येणाऱ्या ‘इन्फेस्ट’ला आपल्याकडे ‘कीड लागणे’ एवढेच तयार आहे. म्हणजे मी कुठलाही शब्द घेतला तरी निकाल दिलेलाच.

दोष द्यायचा तर वेगळे वागण्याची मुभा असावी लागते. स्पंजाला मेंदू नाही, मज्जातंतूही नाहीत. इथपर्यंत सोपे आहे. पण मग ‘निसर्गात सगळे चालतेच’ म्हणून हात झटकणे मला तितकेच सोयीचे वाटते. प्रवाळ खरेच मरते. मालवणच्या प्रवाळांवर मासे जगतात आणि माशांवर माणसे.

इथे लखनऊने मला थोडी मदत केली. बड्या इमामबाड्याची एक दंतकथा इथला कोणीही रिक्षावाला सांगतो. 1784 च्या दुष्काळात नवाब आसफुद्दौलाने लोकांना काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले. दिवसा रयत भिंत उभी करायची आणि काम संपू नये म्हणून रात्री अब्रूदार उमराव ती पाडायचे. खरेखोटे नवाब जाणे. पण तिच्यात पाडणारा खलनायक नाही. प्रश्न पडतो तो एवढाच, की किती बांधायचे आणि किती पाडायचे हे ठरवतो कोण?

प्रवाळखडकावरही पाडणे नवे नाही. स्पंजाने टाकलेल्या भुकटीचा बारीक गाळ होतो, तो खडकाच्या फटी भरतो. मोडक्या जागेवर नवी प्रवाळे बसतात. बांधण्याचा वेग पाडण्याहून जास्त असला की खडक वाढतो. तो हिशेब आपण बिघडवला आहे. पाणी तापले की प्रवाळ आपल्या आतले सूक्ष्म शैवाल गमावून पांढरे पडते, उपाशी राहते, बांधायचे थांबते. मालवणात हे झालेले आहे. सांडपाण्याने जीवाणू वाढतात, आणि पाणी गाळून जीवाणू खाणे हा तर स्पंजाचा धंदाच.

म्हणजे खोट क्रियापदात कमी आणि कर्त्यात जास्त होती. ‘स्पंज प्रवाळ पोखरतो’ या वाक्यात तापलेल्या पाण्याला जागा नाही, सांडपाण्याला नाही, मला नाही. व्याकरणाने एक कर्ता मागितला आणि आम्ही सर्वांत गरीब तो दिला.

पण अनुवादकाने कर्ता बदलायचा का? माझ्या मते नाही. ज्याचा मजकूर त्याला विचारायचे. मूळ लेखकांना मी कळवले की ‘शत्रू’ हा शब्द मी मराठीत आणणार नाही, आणि कारण साधे आहे: शत्रू म्हटले की दहा वर्षांचा मुलगा तो खरवडायला जाणार. स्पंजाचा तुटलेला तुकडासुद्धा पुन्हा वाढू शकतो. त्यांनी मान्य केले, आणि पुढे गरम पाण्याचे व गटारांचे एक वाक्य स्वतः घातले.

‘पोखरतो’ मात्र मी ठेवले. ‘कोरतो’ लिहून पाहिले होते. वाचायला छान वाटत होते, पण मेलेल्या प्रवाळासमोर ते लाडिक झाले असते. छापील प्रत आली तेव्हा आधी तेच पान उघडले. चित्रात स्पंज तपकिरी रंगवला आहे, त्याला डोळे काढलेले नाहीत, दातही नाहीत.