मामांची तिथी

पितृपक्ष येतो भाद्रपदात, नेमका सह्याद्रीच्या पठारांवर सोनकी पिवळीधमक फुललेली असते तेव्हा. त्यामुळे मामांची तिथी आली की मला पानावरच्या खिरीपेक्षा हरिश्चंद्रगडच जास्त आठवतो. मामा पाचनईकडून चढायचे. खांद्याला कापडी पिशवी, तीत दशम्या आणि लसणाची चटणी. घाई कसली ती नाहीच. कारवीच्या जाळीपाशी थांबून म्हणायचे, “ही सात वर्षांनी फुलते. तोवर तुझं कॉलेज संपेल बघ!” केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवतीच्या कमरभर गार पाण्यात आम्ही पोरं कुडकुडायचो आणि मामा चार खांबांपैकी शाबूत उरलेला एकच खांब निरखत बसायचे. देवभोळे ते नव्हतेच, खरं तर. पण उतरताना वाटेवरचा प्रत्येक प्लॅस्टिकचा कागद त्यांच्या पिशवीत जायचा. मला तरी तीच त्यांची पूजा वाटते.

यंदा तुमच्या माणसाची तिथी असेल, तेव्हा जेवणं उरकली की घरातल्या एखाद्या लेकराला जवळच्या टेकडीवर घेऊन जा. त्याला त्या माणसाबद्दल सांगा. आणि हो, नेलेली पाण्याची बाटली आठवणीने परत आणा.